बिल्ला नसलेला गाईड

कराडला चाळीस वर्षं गवंडीकाम केलं. तिथे सांगण्यासारखं काही घडलं नाही. भिंती उभ्या राहिल्या, एवढंच. अमेरिकेत मुलाकडे राहायला आलो आणि चार वर्षांत इतके किस्से जमले, की कुणाच्या घरी गेलो तर चहाच्या आधी किस्सा मागतात.

आमचा ग्रुप मुलाच्या गावातल्या, हर्नडनमधल्या, म्हाताऱ्या आईबापांचा. मुलं-सुना कामावर, नातवंडं शाळेत. नागपूरच्या वैद्य वहिनी म्हणतात, "सोमवार ते शुक्रवार मी डिशवॉशरशी बोलते." शनिवारी कुणाचा तरी मुलगा आम्हाला नदीकाठच्या जुन्या गावात सोडतो. इंग्रजांनी वसवलेलं गाव. युरोपातल्यासारख्या दगडगोट्यांच्या गल्ल्या, विटांची घरं. दोन तास चालायचं, बोलायचं. त्यावर आठवडा निघतो.

*

पहिल्या वेळी गाईड घेतला. लाल कोट, तीनकोनी टोपी. एका घरासमोर तो दहा मिनिटं हातवारे करत बोलला. भाषांतराला पुण्याचे जोशी, बँकेतून रिटायर झालेले. ते म्हणाले, "इथे कुणीतरी राहत होतं."

"एवढंच?"

"बाकीचं त्याने फार भरभर सांगितलं!"

पुढच्या शनिवारपासून मीच सांगू लागलो. शाळा सातवीपर्यंत. पण भिंत कोणी मन लावून बांधली आणि कोणी उरकली, ते मला कळतं.

*

गावात एक जुनं चर्च आहे. आम्ही बाहेर ओळीने बूट काढले आणि आत गेलो. देवाचं घर म्हटल्यावर बूट बाहेर. बाहेर आलो तर एकही बूट नाही!

शेजारच्या हॉलमध्ये एक बाई टेबलावर ते साइजप्रमाणे लावत होती. चर्च गरजूंसाठी बूट जमवत होतं. तिला वाटलं, आम्ही दान दिलं. तिने माफी मागितली, सगळ्यांना आपापले बूट मिळाले. फक्त वहिनींच्या मिस्टरांचे, वैद्यांचे, सापडेनात.

शेवटी ते कचऱ्याच्या डब्यात निघाले. गरजूंना देण्यालायक नाहीत म्हणून बाईने वेगळे काढले होते.

वैद्य भडकले. "काऊन फेकले जी? अजून दोन वर्षं चालले असते!"

वहिनी म्हणाल्या, "मी सहा वर्षांपासून हेच सांगते, तर मला इंग्रजी येत नाही म्हणून ऐकत नाहीत!"

*

एका शनिवारी एक अमेरिकन जोडपं आमच्यात सामील झालं. टूर पूर्ण मराठीत. दोघं दोन तास माझ्या तोंडाकडे बघत चालले. शेवटी माझा हात धरून म्हणाले, इतकी चांगली टूर आजवर केली नाही. जोशींनी विचारलं, "काय आवडलं?"

"हा माणूस एकदाही हसला नाही. इतिहास गंभीरपणे घेणारा गाईड पहिल्यांदा भेटला."

ग्रुप पोट धरून हसला. मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही.

*

त्या जोडप्याने इंटरनेटवर आमचं कौतुक लिहिलं आणि घोळ झाला. गावाच्या टूर ऑफिसातली बाई पुढच्या शनिवारी हजर. परीक्षा देऊन बिल्ला घेतल्याशिवाय इथे ग्रुप फिरवता येत नाही, म्हणाली. नापास झालो तर टूर बंद.

वैद्य वहिनींनी विचारलं, "मग शनिवारी पण डिशवॉशर?" कुणी हसलं नाही.

तोंडी परीक्षा ठरली. भाषांतराला जोशीच. बाई आम्हाला एका भिंतीसमोर घेऊन गेली. भिंतीवर पितळी पाटी. जोशींनी वाचून सांगितलं, गावातली सर्वांत जुनी भिंत. बाई म्हणाली, "हिच्याबद्दल सांगा."

मी हात फिरवला. सगळ्या विटा एका मापाच्या. दोन विटांमधला सांधा नखाने खरवडला. जुना चुना थोडा तरी निघतो. हा निघेना.

म्हटलं, "सिमेंट आहे. ही भिंत माझ्या मुलापेक्षा लहान आहे."

जोशींनी पाटीकडे बोट दाखवलं. "मिस्त्री, असं कसं सांगू? पाटी त्यांच्या ऑफिसची आहे!"

वैद्य म्हणाले, "जाऊ द्या ना मिस्त्री. जुनी म्हणा न् मोकळे व्हा."

"जोशी, बोललोय तसं सांगा."

जोशींनी सांगितलं. बाईने माझ्याकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं. मग स्वतःचं नख सांध्यावर घासून पाहिलं. वहीत बराच वेळ लिहिलं आणि निघून गेली. परतीच्या गाडीत माझ्याशी कुणी बोललं नाही.

दहा दिवसांनी पाकीट आलं. आत बिल्ला, माझ्या नावाचा.

शनिवारी सगळे आधी त्या भिंतीकडेच धावले. पाटी गेली होती. स्क्रूची चार भोकं तेवढी बुजवलेली.

मी बुजवलेलं एक भोक नखाने खरवडून पाहिलं. लगेच निघालं.

चुना!