बाबा परिषदेला येतात

डिजिटल जाहिरातींच्या परिषदांना मी कैक वर्षं जातेय, आणि अजून एकाही परिषदेत मला धड जेवता आलेलं नाही. ताटात पनीर वाढून घेतलं रे घेतलं की कोणीतरी समोर येऊन उभा राहतो आणि आपली कंपनी काय करते ते सांगायला लागतो. ते त्यालाही नीट माहीत नसतं. मी मान हलवते. मान हलवणं ही या धंद्यातली अर्धी नोकरी आहे. उरलेली अर्धी म्हणजे साहेबांच्या भाषणाच्या स्लाइड्स बनवायच्या आणि ते स्टेजवर बोलायला लागले की मागे बसून टाळ्या वाजवायच्या.

गेल्या वर्षी मात्र साहेबांनी माझंच नाव पाठवलं. साहेब माझ्याहून लहान, टी-शर्टवर कोट घालतात, पण मनाने चांगले. म्हणाले, "या वेळी तू बोल. चांगलं झालं तर नवी टीम तुझीच." चांगलं झालं म्हणजे काय, ते आमच्यात सगळ्यांना ठाऊक असतं. भाषणानंतर हॉलमधून प्रश्न आले तर जिंकलात. कोणीच हात वर केला नाही तर भाषण पडलं, मग तुम्ही कितीही छान बोललेले असा.

वक्त्याला एक जादा पास मिळतो. नवऱ्याला सुट्टी नव्हती म्हणून आईला फोन केला. ती म्हणाली, "मला नाही गं तो एसी सोसत. ह्यांना ने. घरात नुसत्या फेऱ्या मारत असतात."

बाबा म्हणजे निवृत्त सरकारी कारकून आणि पूर्णवेळ श्रोते. गिरगावापासून दादरपर्यंत जिथे कुठे व्याख्यानमाला असेल तिथे पहिल्या रांगेत आमचे बाबा. विषय कुठलाही चालतो. काल मधुमेह, आज संतसाहित्य, उद्या अवकाशयान. आणि शेवटी त्यांचा प्रश्न असतोच असतो. "प्रश्न असा नाही, दोन मुद्दे मांडतो," म्हणून उभे राहतात ते अध्यक्षांनी घंटी वाजवेपर्यंत बसत नाहीत. लहानपणी त्यांच्या शेजारी बसून मी लाजेने अर्धी व्हायची.

म्हणून आदल्याच दिवशी घरी जाऊन बजावून आले. "बाबा, प्रश्न विचारायचा नाही. मुद्दे मांडायचे नाहीत. तिथे माझं नाव लागलेलं आहे."

"नाही गं बाई विचारत," ते म्हणाले. "तोंडाला कुलूप."

परिषद लोअर परळला होती, गिरणीच्या जागेवर झालेल्या काचेच्या हॉटेलात. बाबा कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले. गळ्यात घालायचं कार्ड त्यांनी हरवू नये म्हणून खिशात घालून वर बटण लावलं, आणि मग प्रत्येक दारावर अडवले गेले. प्रत्येक वेळी बटण काढायचं, कार्ड दाखवायचं, परत ठेवायचं. मी म्हटलं, गळ्यात घाला ना. म्हणाले, "मी काय बैल आहे?"

बाहेर स्टॉल लागले होते. एका स्टॉलवर मोठा स्क्रीन होता. समोर उभं राहिलं की तो म्हणे तुमचा चेहरा वाचतो आणि तुमच्या मूडप्रमाणे जाहिरात दाखवतो. बाबा समोर जाऊन उभे राहिले, पासपोर्टच्या फोटोला राहतात तसे. स्क्रीनने थोडा विचार केला, 'तुम्ही उदास आहात' असं जाहीर केलं आणि समुद्रकिनाऱ्यावर चार दिवस सुट्टी घ्यायचा सल्ला दिला. बाबांनी स्टॉलवरच्या मुलीला शांतपणे सांगितलं, "उदास नाही हो. चेहराच असा आहे." ती बिचारी सॉरी म्हणाली.

हॉलमध्ये गेल्यावर ते सरळ पहिल्या रांगेत जाऊन बसले. मी शेजारी बसून म्हटलं, बाबा, ही राखीव आहे. म्हणाले, "मग मी कोणासाठी आलोय?" तेही खरंच होतं. स्टेजकडे बघून त्यांनी विचारलं, "अध्यक्ष कुठे बसणार?"

"अध्यक्ष नसतो इथे."

"मग वक्ता लांबला तर थांबवणार कोण?"

मी त्यांना स्टेजच्या पायाशी ठेवलेलं, उलटं मोजणारं घड्याळ दाखवलं. "आणि आभार?" आभारही नसतात म्हटल्यावर त्यांना खरोखर वाईट वाटलं. एवढी माणसं एवढ्या लांबून येऊन बोलतात आणि आभार नाहीत!

माझी पाळी जेवणाच्या अगदी आधी होती. विषय होता, लोक जाहिरात चुटकीसरशी पुढे ढकलतात त्यांना थांबवायचं कसं. फोन हलवा की स्क्रीनवरच्या चहात साखर पडते, फुंकर मारा की ढोकळ्यावरची वाफ उडते, असल्या जाहिराती आम्ही बनवतो. इंग्रजीत बोलले आणि बरं बोलले. घड्याळात शून्य यायच्या आत संपवलं. टाळ्या पडल्या, आणि मी म्हटलं, "एनी क्वेश्चन्स?"

एकही हात वर नाही. बाहेरून जिऱ्याच्या फोडणीचा वास येत होता आणि अर्धा हॉल खुर्चीच्या टोकावर आला होता. कडेला उभे असलेले साहेब फोनकडे बघत होते. गेलं, सगळं गेलं, एवढंच डोक्यात. आणि समोर पहिल्या रांगेत बाबा. दोन्ही हात मांड्यांखाली दाबून ठेवलेले, ओठ घट्ट मिटलेले. दिला शब्द पाळत होते!

मी म्हटलं, "समोर एक सर आहेत. त्यांना काहीतरी विचारायचंय, असं वाटतंय."

बाबांनी भुवया उंचावून मला विचारलं, खरंच? मी मान हलवली. ते उठले, शर्ट खाली ओढला, माइक हातात घेतला. सरकारी पत्रातल्या इंग्रजीत सुरुवात केली आणि दुसऱ्याच वाक्याला मराठीवर आले.

"आपलं विवेचन उत्तम झालं. माझी एक मुलगी याच क्षेत्रात आहे." जशा काही आणखी चार आहेत! "लोक मला विचारतात, मुलगी काय करते? मी सांगतो, जाहिरातीत आहे. ते म्हणतात, मग टीव्हीवर दिसते का? मी म्हणतो, दिसत नाही. त्यापुढे मला काही बोलता येत नाही. तिला विचारलं तर ती म्हणते, तुम्हाला नाही कळायचं. तर आपण एका वाक्यात सांगाल का, ती काय करते? मी तसंच्या तसं सांगेन लोकांना."

हॉल हसला, पण प्रेमाने हसला. स्टेजवर रडणं परवडणारं नव्हतं. म्हणून मी पटकन इंग्रजीत म्हटलं की आपल्या सगळ्यांसमोरचं खरं आव्हान हेच आहे, आपलं काम प्रत्येकाच्या वडिलांना समजलं पाहिजे. अहाहा! काय टाळ्या पडल्या म्हणून सांगू. लोकांनी ते वाक्य लगेच फोनवर टाकलंसुद्धा. पाठोपाठ आणखी हात वर झाले. साहेबांनी लांबून अंगठा दाखवला. नवी टीम मला मिळाली, ती त्या दुपारीच मिळाल्यात जमा होती.

परत येताना टॅक्सीत बाबांनी खिशाचं बटण काढून कार्ड मला परत दिलं. मग म्हणाले, "टाळ्या छान पडल्या. पण उत्तर काही दिलं नाहीस तू."

खोटं कशाला बोलू, मला चपराक बसल्यासारखं झालं. मी सांगायला लागले. म्हटलं, बाबा, माणूस फोनवर काहीतरी बघत असतो, मध्येच आमची जाहिरात येते. त्याने ती घालवू नये म्हणून आम्ही त्याला काहीतरी करायला लावतो.

"आणि त्याला नसेल करायचं तर?"

"तर तो घालवतो."

"मग?"

"मग आम्ही दुसरी बनवतो."

त्यांनी विचार केला. मनापासून केला, मला दिसत होतं. "हे काही मला सांगता नाही यायचं," ते म्हणाले. "जाऊ दे. मी सांगेन, मुलगी व्याख्यानं देते."

आमच्या घरात याहून मोठी पदवी नाही, आणि बाबा ती मला, माझं काम काहीच न समजता, देत होते. मला भारी वाटलं आणि तितकंच वाईट वाटलं. म्हटलं, "नको बाबा, तसं नका सांगू. थांबा, परत पहिल्यापासून सांगते."

"सांग की," बाबा म्हणाले आणि माझ्याकडे वळून बसले. "मला कुठे घाई आहे?"