राग कोणाला दाखवायचा नाही

पीएच.डी.ला नाव नोंदवलं तेव्हा मी एकेचाळीस वर्षांची होते. महाडच्या एका कॉलेजात मानसशास्त्र शिकवत होते आणि नातेसंबंधांत माणसं आपल्या भावना कशा आवरतात, हा विषय घेतला होता. प्रश्नावली परदेशात तयार झालेली. तिचं मराठी मी केलं, दोन सहकाऱ्यांकडून तपासून घेतलं, कॉलेजातल्या मुलींकडून प्रश्नावली भरून घेतली. कोणालाच काही अडलं नाही. मला वाटलं, अवघड काम संपलं.

नवरा मुंबईला आणि बायको गावी, अशी घरं मला हवी होती. पोलादपूरच्या वरच्या अंगाला एका वाडीत तशी बरीच होती. माझे यजमान जवळच्या नाते नावाच्या गावात हायस्कूलला शिक्षक आहेत. रविवारी ते मला मोटारसायकलवरून वाडीत सोडायचे आणि स्वतः देवळात पेपर तपासत बसायचे.

तिथल्या एका घरात दोघी जावा राहत होत्या. थोरली पन्नाशीची, धाकटी पस्तिशीची. थोरलीचा नवरा मुंबईत वॉचमन, धाकटीचा एका कंपनीच्या कॅन्टीनमध्ये. पद्धतीप्रमाणे प्रत्येकीला एकटीला बसवून विचारायचं होतं, म्हणून धाकटीला आत थांबायला सांगून मी थोरलीबरोबर पडवीत बसले आणि पहिलं विधान वाचलं : 'राग आला तरी मी तो दाखवत नाही.' यावर तिनं 'बरोबर', 'थोडं बरोबर' किंवा 'चूक' एवढंच सांगायचं होतं.

तिनं विचारलं, "कोनाला?"

मी म्हटलं, कोणालाच दाखवत नाही, असं धरा.

"कोनालाच कसा? ह्यांना फोनवर नाय दाखवत. हिला दाखवते. पोरांना तर रोजच दाखवते."

मी 'थोडं बरोबर'वर खूण केली. दुसरं विधान काळजीचं होतं. त्यालाही तिनं तेच विचारलं. तिसऱ्याला आतून धाकटीनंच उत्तर दिलं. थोरलीच्या मनात काय चाललंय ते तव्याच्या आवाजावरून आपल्याला कळतं, असं ती म्हणाली. माझी पद्धत तिथंच मोडली. घरी येऊन मी मुंबईला माझ्या मार्गदर्शकांना फोन केला. ते शिस्तीचे गृहस्थ. प्रश्नावलीला हात लावायचा नाही, लावलात तर तुलनाच करता येणार नाही, असं त्यांनी बजावलं. त्यांचं म्हणणं चूक नव्हतं. पण त्यानंतर 'थोडं बरोबर'वर खूण करताना दर वेळी आपण काहीतरी टाकून देतोय असं वाटायचं.

पावसाळ्यानंतर दुसऱ्या फेरीला त्या घरी गेले, तर दोघींची बोलणी बंद. थोरलीनं चहा आणला. तो संपतोय तोच धाकटीनं तिचा वेगळा चहा आणून ठेवला. मी दोन्ही प्यायले.

झालं होतं असं. धाकटीला ताप आला होता. नवऱ्याला कळलं तर तो काम टाकून धावत येईल, म्हणून तिनं फोनवर काही सांगितलं नव्हतं. थोरलीनं मात्र गुपचूप दिराला फोन केला. तो दुसऱ्याच दिवशी वीर स्टेशनला रेल्वेतून उतरून रिक्षा, एसटी करत घरी पोचला, तोवर ताप उतरलेला. दोन दिवस राहून तो परत गेला.

धाकटी मला म्हणाली, "ताप माझा होता, मॅडम. सांगायचा का नाय ते मीच ठरवनार ना?"

थोरली अंगणात होती. धाकटीचं ऐकून तिनं तिथूनच मला सांगितलं, "हिला काय झाला असता तर दिराला तोंड कसा दाखवला असता मी?"

दोघींचंही मला पटत होतं. मध्ये पडून समेट करावा असं फार वाटलं, पण संशोधकाला ती मुभा नसते. परतताना मी वाटभर तेच बोलत होते. यजमान एवढंच म्हणाले की, तुला तिथं विचारायला पाठवलंय, मिटवायला नाही.

तीन रविवारांनी पुन्हा गेले तेव्हा दोघी शेजारी शेजारी नाचणीची कणसं खुडत होत्या. कसं मिटलं, असं मी विचारलं. दोघी एकमेकींकडे बघायला लागल्या. माफी कोणी मागितली नव्हती, समजूतही कोणी काढली नव्हती. कणसं तयार होती आणि एकटीनं ती उरकणारी नव्हती. मात्र खुडता खुडता एक ठरलं होतं. ते थोरलीनं सांगितलं : "आजारी पडली तर पयला मला सांगायचा. मी तीन दिवस गप बसनार. मंग फोन लावनार."

त्या आठवड्यात मी हे सगळं लिहून काढलं आणि मार्गदर्शकांना पाठवलं. या वेळी त्यांनीच फोन केला. विधानं आहेत तशीच ठेवा, म्हणाले, फक्त प्रत्येकापुढे एक रकाना वाढवा : 'कोणाला'. आणि झालेल्या सगळ्या घरांत पुन्हा जा. म्हणजे आणखी एक वर्ष गेलं. मला त्याचं दुःख झालं नाही. पहिल्या फेरीत ज्या बायका जांभया देत उत्तरं देत होत्या, त्या आता बोलायला लागल्या. बहुतेकींनी जे नवऱ्यापासून फोनवर लपवलेलं असायचं, ते जावेपाशी किंवा शेजारणीपाशी मोकळं केलेलं असायचं. पुस्तकांत मी त्याला भावना दाबणं म्हणायला शिकले होते. इथं बायका फक्त माणूस बघून ती दाखवत होत्या. माझा प्रबंध शेवटी त्यावरच उभा राहिला.

मौखिक परीक्षेत बाहेरून आलेल्या बाईंनी विचारलं की हा रकाना कुठून सुचला. एका सहभागी बाईंनी दिला, असं मी सांगितलं. त्यांनी मान डोलावली आणि पुढच्या प्रश्नाकडे वळल्या.

पदवी मिळाल्यावर प्रबंध घेऊन वाडीत गेले. जाडजूड पुस्तक दोघींनी हातात घेऊन पाहिलं. त्यांच्याबद्दलची दोन पानं मी वाचून दाखवली. मग थोरलीनं विचारलं, शेजारच्या घरातलीनं काय सांगितलंय? ते सांगता येणार नाही, मी म्हटलं.

"कायच नाय?"

"काहीच नाही."

"मंग आमचा पन तिला नाय सांगनार?"

नाही, म्हटल्यावर ती खूश झाली. देवळातून सरांना बोलवा, म्हणाली, आणि जेवल्याशिवाय आम्हाला सोडलं नाही. नाचणीची भाकरी होती, सुक्या जवळ्याची चटणी होती. यजमानांनी तीन भाकऱ्या खाल्ल्या.