संगणक आमचा, नाव मिरजेच्या डॉक्टरांचे

मंडळी, या गटात मी आजवर केवळ वाचत आले. आज लिहिल्यावाचून राहवत नाही.

माधवनगरच्या ज्या वाचनालयात मी काम करते, तेथील संगणकात ऑपरेटिंग सिस्टीम पुन्हा घालायची होती. मूळ सीडी नव्हती. खंडेनवमीला संगणकासह तिचीही पूजा झाली आणि निर्माल्याबरोबर ती बहुधा कृष्णेत गेली. परवान्याचा क्रमांक असलेली पुस्तिका मात्र सुरक्षित होती.

दुरुस्तीवाला आज स्वतःची सीडी घेऊन आला. मी पुस्तिका पुढे केली.

"ऱ्हाऊ द्या ताई, नंबर मला पाठ हाय."

आमचा क्रमांक याला पाठ कसा? काम संपताच मी संगणकातील नोंद उघडली. मालक म्हणून मिरजेच्या कुणा डॉक्टरांचे नाव!

"नंबर त्यांचा हाय, मग नावबी त्यांचंच घालाय नगो?" तो शांतपणे म्हणाला.

"चालतंय न्हवं? कर सही," आमचे चिटणीस आप्पा म्हणाले. काम योग्य झाल्याची सही माझी लागणार होती.

मी विचारले, "आप्पा, दुसऱ्याच्या कार्डावर आपण कुणाला पुस्तक देतो का?"

आप्पा दुरुस्तीवाल्याकडे वळले. "घाल रं, आपलाच नंबर घाल."

त्याच सीडीने आमचा क्रमांक निमूट स्वीकारला. मग मी सही केली.

तरीही शंका उरतेच. सीडी उसनी आणि परवाना आपला, हे कंपनीला मान्य असते का? जाणकारांनी सांगावे. आणि तुमच्या संगणकात मालक म्हणून कोणाचे नाव आहे, हे तुम्ही कधी पाहिले आहे का?