वजनात न बसलेला तेयो

माझ्या बहिणीने तेयो बुइतिमेआला पहिल्यांदा घरी आणलं, तेव्हा आईने तिला स्वयंपाकघरात ओढून विचारलं, "पोरगा आजारी आहे का गं?"

तेयो दाजी तेव्हा एका लढतीसाठी वजन उतरवत होते. गालफडं बसलेली, ओठ सुकलेले. आईने पुढे ठेवलेल्या रश्श्याकडे त्यांनी नजरही वळवली नव्हती.

"आजारी नाही, बॉक्सर आहे," ओब्दुलियाताई म्हणाली.

"मग आजारी असता तर बरं झालं असतं. आजारी माणूस बरा तरी होतो."

पण लग्न झालं. आणि मी, नाबोर, ताईचा धाकटा भाऊ, रिंगमध्ये दाजींच्या कोपऱ्यात पाण्याची बादली धरायला लागलो. म्हणून पुढचं सगळं मी जवळून पाहिलं.

आमच्या नावोहोआ गावात कालव्याच्या काठाने पळणारी पोरं पुष्कळ. त्यातली निम्मी कुको वस्तादांकडे बॉक्सिंग शिकणारी. वस्तादांच्या भावाचं गॅरेज होतं, त्याच्या मागच्या अंगणात पत्र्याखाली रिंग बांधलेली. वस्ताद स्वतः तरुणपणी चांगले लढायचे, पण कानाचा पडदा फाटला आणि डॉक्टरने थांबवलं. लग्न केलं नाही. या अंगणातून एक जगज्जेता निघावा, एवढं एकच वेड. दाजींचे वडील सीमेपलीकडे भाजी खुडायला गेले ते परत आलेच नाहीत. तेव्हापासून दाजी वस्तादांच्याच ताटात जेवून मोठे झाले. वस्ताद त्यांना 'माझं लेकरू' म्हणत नसत. "ए काडी," अशी हाक मारत. पण दुसऱ्या कोणी काडी म्हटलेलं त्यांना खपत नसे.

दाजी लढायचे एकोणपन्नास किलोच्या गटात. डावा हात असा की समोरच्याला तो दिसायचाच नाही, नुसता बरगडीखाली कळायचा. बैलांच्या झुंजीच्या मैदानात, नाचाच्या हॉलमध्ये, मिळेल तिथे लढले आणि जिंकत गेले. तिशीच्या आत ते पहिल्या क्रमांकाचे आव्हानवीर झाले. म्हणजे जगज्जेत्याशी पुढची लढत त्यांची. पण चिल्ल्यापिल्ल्या वजनांच्या लढतींना गर्दी जमवणं कठीण, आयोजकांना घाई नसते. एकदा चॅम्पियनचा हात मोडला. एकदा ठरलेली लढत दुसऱ्यालाच मिळाली. वर्षं अशीच गेली, आणि दाजींचं अंग भरत चाललं.

एका सकाळी अंगणात हाताच्या पट्ट्या सोडता सोडता ते म्हणाले, "वस्ताद, वरच्या गटात जाऊ या का? हे वजन आता माझं राहिलं नाही."

"वरती तुला कोण ओळखतं? पुन्हा रांगेच्या शेपटाला उभा राहणार का? इथे दारापाशी पोचलायस. थोडा दम धर."

दाजींनी दम धरला.

शेवटी लढत ठरली ती एर्मोसियोला, ऐन ऑगस्टमध्ये. चॅम्पियन होता मेहिकालीचा लाउरो झाझुएता. दाजी तेव्हा एकतीस वर्षांचे. शेवटच्या आठवड्यात ते बर्फाचा खडा चोखून थुंकायचे. दोन-दोन स्वेटर घालून उन्हात पळायचे. ताई धाकट्या लेकीला घेऊन गच्चीवर जेवायला बसायची, म्हणजे वास खाली जायला नको.

लढतीच्या आदल्या दुपारी हॉटेलात वजन झालं. दाजी काट्यावर चढले, टॉवेलच्या आडोशाला शेवटचा कपडाही उतरवला, तरी काटा खाली येईना. फार नाही, दोन मुठी तांदूळ बसतील एवढंच जास्त. नियमाप्रमाणे उतरवायला दोन तास मिळाले.

वस्ताद खाली अधिकाऱ्यांशी हुज्जत घालत राहिले. मी दाजींना न्हाणीघरात नेलं, कढत पाणी सोडून सगळी वाफ कोंडली. दाजी जमिनीवर बसले. घाम येईना. कातडी कागदासारखी कोरडी. बराच वेळ ते भिंतीकडे बघत होते. मग हळूच म्हणाले, "नाबोर, आमच्या धाकटीचं नाव काय रे?"

मला वाटलं थट्टा करतायत. त्यांच्या डोळ्यांकडे पाहिलं. थट्टा नव्हती.

"मारिसेला," मी म्हणालो. "दाजी, मारिसेला."

"हां. मारिसेला." त्यांनी ते नाव दोन-तीनदा घोळवलं. मग भिंतीला धरून उठले, टॉवेल गुंडाळला आणि बाहेरच्या खोलीत आले. तिथे कोणीतरी आमच्यासाठी कलिंगडाच्या सरबताचं भांडं आणून ठेवलं होतं, वजन झाल्यावर प्यायला. दाजींनी ते उचललं आणि तोंडाला लावलं. त्याच वेळी वस्ताद दारातून आत आले.

"थुंक ते," वस्ताद म्हणाले. "काडी, थुंक. अजून तासभर आहे आपल्याकडे."

दाजींनी भांडं रिकामं करून खाली ठेवलं. "तुमच्याकडे असेल, वस्ताद."

नावाबद्दल ते काही बोलले नाहीत. मला नजरेनेच दटावलं, मीही वस्तादांसमोर बोललो नाही.

झाझुएताची माणसं म्हणाली, लढत होऊ द्या, पण याचं वजन जास्त, म्हणून याच्यासाठी जगज्जेतेपदाचा पट्टा पणाला नाही. जिंकला तरी पट्टा झाझुएताकडेच.

आणि दाजी जिंकले. पोटात पाणी गेलेला माणूस दुसऱ्या दिवशी असा लढला, जसा गेल्या चार वर्षांत लढला नव्हता. नवव्या फेरीत तो डावा हात लागला आणि झाझुएता गुडघ्यावर बसला. बाराव्या फेरीनंतर कोणाला शंकाच नव्हती. पंचांनी दाजींचा हात वर केला, आणि लगेच पट्टा हरलेल्याच्या खांद्यावर ठेवला. लोकांनी शिट्ट्या मारल्या, पेल्यातली बियर फेकली. झाझुएता स्वतः आमच्या कोपऱ्यात आला. त्याचा एक डोळा मिटलेला.

"हा तुझा आहे, भावा," तो म्हणाला. "पण माझ्या हातात नाही."

वस्तादांनी त्या लढतीत आपलं काम चोख केलं होतं. दर फेरीनंतर जखम दाबली, सल्ला दिला, पाणी दिलं. शेवटी हातमोजे काढले, पट्ट्या कापल्या. नंतर बसमध्ये चढले ते सगळ्यात पुढच्या सीटवर, ड्रायव्हरच्या मागे जाऊन बसले. नावोहोआला उतरल्यावर मागे वळून न बघता गेले. त्या दिवसापासून त्यांनी दाजींशी बोलणं टाकलं.

गावात मात्र सांगत सुटले, "माझा पट्टा प्यायला तो. कलिंगडाबरोबर."

झाझुएताशी परतीची लढत होणार, होणार, असं वर्षभर चाललं आणि झालीच नाही. दाजी दुसऱ्याच कोणाच्या तरी हाताखाली वरच्या गटात लढले. तिथली पोरं उंच, हातांनी लांब. तिसऱ्या पराभवानंतर डाव्या डोळ्यापुढे पडदा आला, आणि डॉक्टर म्हणाले, पुरे. ताईने टॉर्टियांचं, म्हणजे पातळ पोळ्यांचं, दुकान काढलं होतं. दाजी तिथे तव्यापाशी उभे राहायला लागले.

वस्ताद रस्त्यात दिसले की दाजी थांबायचे. "काय वस्ताद, बरं आहे ना?" वस्ताद फुटपाथ बदलायचे. मग दाजींनी त्या रस्त्याने जाणंच सोडलं.

पुतण्यांनी गॅरेज विकलं, अंगण गेलं. वस्तादांचे गुडघेही गेले. तेव्हापासून ताई माझ्या हाती त्यांना गरम टॉर्टिया पाठवायची.

"कोणी पाठवल्या?"

"ताईने."

"मग ठेव."

कधीकधी ताई स्वतः जायची. अशाच एका खेपेला तिने, मी तिला केव्हाच सांगितलेली ती न्हाणीघरातली गोष्ट, वस्तादांना सांगून टाकली. पुढच्या आठवड्यात निरोप आला : काडीला पाठव.

दाजी गेले. मीही गेलो, कारण ते एकटे जायला तयार नव्हते. वस्ताद खाटेवर बसले होते, पाय चादरीखाली.

"त्या दिवशी तुला लेकीचं नाव आठवेना म्हणे."

"हो."

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर काय केलं असतंत?"

वस्तादांनी चादरीची सुरकुती सारखी केली. खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती.

"वाफ बंद केली नसती," ते म्हणाले.

"म्हणूनच नाही सांगितलं. तुम्ही नाही बंद केलीत, हे मला बघायचं नव्हतं."

वस्तादांनी तोंड भिंतीकडे वळवलं. दाजी खाटेच्या कडेला टेकले आणि त्यांचे गुडघे चेपायला लागले, पूर्वी वस्ताद त्यांचे चेपायचे तसे.

तो हिवाळा दाजी रोज जात राहिले. टीव्हीवरच्या लढती बघत दोघं भांडायचे. वस्ताद उन्हाळा लागायच्या आधीच गेले.

दफन करून परतताना दाजी माझ्याबरोबर चालत होते. मला वाटलं पट्ट्याबद्दल काही बोलतील, कधी बोलले नव्हते. ते म्हणाले, "त्यांचं घर आपल्या दुकानापासून चार गल्ल्यांवर होतं, नाबोर. मला वाटायचं, त्यांचा राग उतरला की ते बोलावतील. आणि ते तिथे बसून वाट बघत असणार, मी दार वाजवायची."

दुकानापाशी आलो तर बाहेर गिऱ्हाइकं ताटकळली होती. दाजींनी अंगातला काळा कोट काढून खिळ्याला अडकवला आणि तवा पेटवला.