पाटील, म्हणजे कोणते पाटील?

धाकट्या बहिणीचं, ऋतुजाचं, लग्न अडलं होतं ते आडनावापाशी. मुलगा निखिल पाटील, आम्हीही पाटील. "एका आडनावात सोयरीक होत नाही," एवढं बोलून बाबांनी विषय संपवला होता. आजोबा तरुणपणीच सोनगीर सोडून नाशिकला आले, त्यामुळे आमचं मूळ कूळ घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. ते विचारायला डिसेंबरातल्या एका शनिवारी बाबा, ऋतुजा आणि मी निघालो. गाडी मी चालवत होते.

धुळ्यापर्यंत महामार्ग चौपदरी, गाडी पळते. पुढे अर्ध्या तासात सोनगीर. किल्ला रस्त्यावरूनच दिसतो. चढ सोपा आहे, सकाळीच जा.

गावात पाटलांचं घर विचारलं, तर टपरीवाला म्हणाला, "कोणते? पोलीस पाटील, दूधवाले, का मास्तर?"

बाबांचे चुलतभाऊ आबा ओट्यावरच भेटले. त्यांनी ऋतुजाकडे बघून हसतच अहिराणीत निकाल दिला. "बठ्ठा पाटील एक नही व्हतस, पोरी. गावनी पाटीलकी व्हती म्हनीसन पाटील. आपलं कूळ बोरसे शे."

"बोरसे," बाबा पुटपुटले. सत्तरीत त्यांना स्वतःचं नाव नव्याने कळत होतं.

आता प्रश्न निखिलच्या कुळाचा. अमळनेरमार्गे त्याच्या गावी, धरणगावला निघालो. रस्ता अरुंद, त्यात कापसाने फुगलेल्या गाड्या. वेळ हाताशी ठेवा.

निखिलच्या आजीने, अक्कांनी, पाणी देतादेताच कूळ विचारलं. बाबांनी सांगितलं. अक्का थबकल्या. ऋतुजाने माझा हात घट्ट धरला.

"आम्ही पवार," अक्का म्हणाल्या, "पन मन्हं माहेर बोरसे."

"मग अडचण आहे का?" बाबांचा आवाज उतरला होता.

"आजीनं माहेर कोन धरस? तुम्ही तर मन्हा भाऊ व्हयनात." म्हणजे आजीचं माहेर सोयरिकीच्या आड येत नव्हतं. अक्कांनी भावाच्या ताटात वांग्याचं भरीत वाढलं, वर ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी. हिवाळ्यात खानदेशात आलात तर हे चुकवू नका. बाबांनी दोनदा मागून घेतलं.

मुक्काम जळगावला, पिंप्राळ्यात मैत्रिणीकडे. तिच्या गल्लीत ओळीने फाटकांवर 'पाटील'. "हे लेवा, ते मराठा, पलीकडचे गुजर," ती म्हणाली. "पोस्टमन सोडला तर कुणाचा गोंधळ होत नाही."

घरी येऊन आठवडा झाला. लग्न वैशाखात ठरलंय, पत्रिकेवर दोन्हीकडे पाटीलच असणार. बाबांना नाशिकमध्ये सगळे 'पाटील साहेब' म्हणतात. काल फोन वाजला, मी उचलला.

"भाऊ शे का घरमा?" अक्का विचारत होत्या.

बाबांना सख्खी बहीण नाही. त्यांनी जेवणाचं ताट बाजूला सारलं आणि हात न धुताच फोन घेतला.