एकशे दहा व्होल्टचे काका

नवीन पनवेलच्या आमच्या हौशी नाटक मंडळाची प्रकाशयोजना शेजारचे काका सांभाळत. मुलाकडे अमेरिकेत दोन महिने राहून आल्यापासून त्यांना इथली वीजही गावठी वाटे. येताना त्यांनी रंगमंचाचे चार दिवे आणले, तेही एकशे दहा व्होल्टचे. आपल्याकडे त्याच्या दुप्पट.

"काका, आतले बल्ब बदला, काम झालं," कोन गावचा वायरमन म्हणाला.

"ओरिजिनल वस्तूत ढवळाढवळ? शक्य नाही!"

मग दिव्यांचा मान राखायला व्होल्टेज निम्मं करणारा ट्रान्सफॉर्मर आला. तो असा घुमायचा की आमच्या नायकापेक्षा त्याचंच पाठांतर पक्कं वाटे.

प्रयोगात, शेवटच्या प्रवेशात नायिकेचं हळू आवाजातलं स्वगत होतं. मागच्या रांगांतून "आवाज! आवाज!" अशी ओरड सुरू झाली आणि ती पोर रडकुंडीला आली. काकांनी एकदा आपल्या लाडक्या दिव्यांकडे पाहिलं आणि सरळ ट्रान्सफॉर्मरचा स्विच बंद केला.

काळोखात तिचा शब्दन् शब्द ऐकू आला. टाळ्या थांबेनात.

"ही अंधाराची कल्पना कोणाची?" पाहुण्यांनी नंतर कौतुकानं विचारलं.

"माझीच," काका छाती फुगवून म्हणाले. त्यांच्या बढाईत खोट काढायला मला प्रथमच काही सापडलं नाही.