वाक्यातून काढलेली बाई

शनिवार, १५ नोव्हेंबर. गाझियाबादच्या घरात मी ओट्यावर कुकरची अकरा झाकणं मांडून पुसत होते. नमुन्याची झाकणं. सोमवारी नोएडाच्या ऑफिसात परत द्यायची होती.

मी स्वयंपाकघरातल्या वस्तू डिझाइन करते. काम सुरू करण्याआधी मी शेवट लिहिते. वस्तू तयार झाल्यावर कोणाच्या घरात काय घडायला हवं, ते एका वाक्यात. मग तिथून मागे येत चाचणी, नमुने, आराखडा. या वेळचं वाक्य होतं, 'सांधे धरलेली बाई एकटी झाकण उघडते.' बाई खरी होती, आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकू. झाकण उघडायला कुणाला तरी हाक मारावी लागते म्हणून त्यांनी कुकर लावणंच सोडलं होतं. सहा महिने दुखऱ्या बोटांनी त्यांनी माझे नमुने उघडून पाहिले. "पहिला मला देशील ना गं?" मी हो म्हटलं होतं.

टीममध्ये मराठी आम्ही दोघंच. दुसरा माझा सहकारी, दिल्लीतल्या लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये वाढलेला, मला ताई म्हणणारा. मंजुरीच्या कागदासाठी वाक्याचं हिंदी त्याने केलं आणि मी न वाचता सही केली. वर्षभर तशीच करत होते.

झाकणं पुसताना मंजुरीची मेल आली. कागदावर होतं, 'ढक्कन आसानी से खुलता है.' झाकण उघडतं. कोण उघडतं, ते गायब. चाचणी लॅबमधल्या यंत्राने केली. यंत्राची बोटं कुठे दुखतात? पास. काकूंना जमलेला लांब दांडा रद्द, जुना कायम.

मी त्याला फोन लावला.

"अगं ताई, ट्रान्सलेशनमध्ये होतं यार असं. माझं मराठी तुला माहितीये."

"उघडते आणि उघडतं, यातला फरक कळत नाही तुला?"

"बिल्कुल नाही कळला. सॉरी ना."

मी जवळजवळ विश्वास ठेवला. 'उखळ' म्हणजे काय हे त्याने मलाच विचारलं होतं. बोलता बोलता मेल खाली सरकवली. तळाशी त्याने साहेबांना लिहिलेलं होतं, 'सर, यूज़र को लाइन से हटा दिया है, अब टेस्ट निकल जाएगा.'

"मेल शेवटपर्यंत वाचली मी."

तो म्हणाला, "नवा दांडा मार्चआधी होत नव्हता, ताई. तू अडून बसली असतीस."

"बसलेच असते. वाक्य त्यासाठीच असतं."

फोन ठेवला. उरलेली झाकणं पुसली.

रविवारी सकाळी सगळ्या टीमला मेल केली: माझी सही मी मागे घेते, चाचणी माणसाच्या हातांनी झालेली नाही. मग खाली गेले आणि काकूंना सांगितलं, हा कुकर बाजारात आला तरी घेऊ नका.

"का गं, बिघडलाय?"

"नाही काकू. तुमच्यासाठी केलेलाच नाही."